होडीचा सातबारा

आमचे साडू बाळासाहेब ठाण्याला राहतात आणि ते हौशी आहेत. यांतल्या पहिल्या गोष्टीचा मला काही त्रास नाही. दुसरीचा आहे. त्यांनी बाजाची पेटी घेतली, तेव्हा ती दादरच्या दुकानातून त्यांच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत मी नेली. त्यांनी अल्सेशियन कुत्रा घेतला, तेव्हा ते काश्मीरला गेले आणि कुत्रा आमच्याकडे आला. आणि तीन वर्षांपूर्वी एका रविवारी आमच्याच घरी, आमटीची दुसरी वाटी घेता घेता त्यांनी जाहीर केलं, "आम्ही होडी घेतोय."

माझी बदली तेव्हा रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या शाखेत झाली होती. कॅशच्या खिडकीतून पाणी दिसायचं. एवढ्यावरून बाळासाहेबांनी मला दर्यावर्दी ठरवलं होतं. वास्तविक मी बी. कॉम. माणूस. फ्लोटिंग रेट सोडला, तर तरंगणाऱ्या कुठल्याही गोष्टीशी माझा आयुष्यात संबंध आलेला नाही.

"मासे धरायला?" हिने विचारलं.

"छे हो वहिनी! सहलीला. रविवारी यायचं, खाडीत एक चक्कर मारायची, तुमच्याकडे पापलेट खायचं आणि संध्याकाळी परत. होडी बघून ठेवलीय. पैसे ठरलेत. फक्त कागद तेवढे यांनी बघायचे. हे बँकेत आहेत ना!"

फक्त कागद तेवढे! या तीन शब्दांपायी या किनाऱ्यावर लढाया झालेल्या आहेत, हे त्या वेळी बाळासाहेबांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

होडी पाहायला गेलो. अठ्ठावीस फूट लांब, सात फूट रुंद, जुन्या सागाची, खालून फायबरचा थर दिलेली. विकणारा नाखवा नाळेला हात लावून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. आमची ओळख होती. ती कशी, ते पुढे सांगतो. कारण ती सांगायला मला थोडा धीर गोळा करावा लागणार आहे.

नोंदणीच्या कचेरीत गेलो. खिडकीपलीकडचे गृहस्थ सज्जन होते. वीस वर्षं मी स्वतः खिडकीपलीकडेच बसलो असल्यामुळे सज्जन माणूससुद्धा तिथे बसला की कसा बोलतो, हे मला माहीत आहे. त्यांनी यादी सांगितली. होडीची मोजणी. तपासणी. इंजिनाचं मूळ बिल. विमा. जीवरक्षक जाकिटं, माणशी एक. दोन्ही बाजूंनी काढलेले होडीचे फोटो. हे फोटो मी काढले. होडी एका बाजूने हुबेहूब दुसऱ्या बाजूसारखीच दिसते, त्यामुळे एकच बाजू दोनदा काढली अशी शंका आली आणि पुन्हा काढावे लागले. एवढं झाल्यावर ते म्हणाले, "आणि मालकीचा पुरावा."

इथे बोट अडकली. जमिनीचं बरं असतं. ती जागची हलत नाही, म्हणून तिचा सातबारा निघतो. होडी सकाळी रेवसला, दुपारी करंजाला. तिचा उतारा कोणत्या तलाठ्याने काढायचा? नाखव्याच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत एक जीर्ण परवाना निघाला, त्यावर त्याच्या आज्याचं नाव होतं. आजा जाऊन तीस वर्षं झाली होती.

या हेलपाट्यांत मधले दिवस रिकामे जात. तिथल्या ग्रंथालयात बसून मी इतिहास वाचू लागलो. दुःखात दुसऱ्याचं दुःख वाचलं की बरं वाटतं.

या समुद्रावर होडीला कागद लागतो, ही कल्पना पोर्तुगिजांची. त्याआधी अरब, गुजराती, मलबारी व्यापारी शतकानुशतकं ये-जा करीत. बंदरात जकात भरीत, पण समुद्र ओलांडायला कुणाची चिठ्ठी लागत नसे. १५०२ साली वास्को द गामा दुसऱ्यांदा आला आणि तेव्हापासून हे परवाने सुरू झाले. त्याचं नाव कार्ताझ. हा शब्द मूळ अरबी 'किर्तास'वरून आला म्हणतात, म्हणजे कागदच. आजच्या पोर्तुगीज भाषेत कार्ताझ म्हणजे भिंतीवर लावायचं पोस्टर. कार्ताझवर जहाजाचं नाव, तांडेल कोण, माणसं किती, हत्यारं कोणती, निघणार कुठून, जाणार कुठे, सारं लिहिलेलं असे. मिरी न्यायची नाही, कारण मिरी पोर्तुगालच्या राजाची. शस्त्रं न्यायची नाहीत. तुर्क बसवायचे नाहीत. कार्ताझ नसेल, तर जहाज जप्त.

आता खर्चाचं बघा, कारण मी मूळचा हिशेबाचा माणूस. कार्ताझची फी अगदी मामुली होती. म्हणजे कुणाला वाटेल, काय एवढं? पण मेख अशी, की कार्ताझवाल्या जहाजाने पोर्तुगिजांच्या बंदरात, दीवला किंवा गोव्याला किंवा होर्मुझला, जायचं आणि तिथे जकात भरायची. परत येताना पुन्हा तिथेच यायचं. याल याचा भरवसा काय, म्हणून आधी अनामत ठेवायची. फी चार आण्यांची, हेलपाटा चार महिन्यांचा. चलनावरची रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांचा काही संबंध नसतो, हा शोध मी त्या खिडकीसमोर लावला असं मला वाटत होतं. तो पाचशे वर्षांपूर्वीच लागला होता.

आणि हे फक्त तुमच्या-आमच्यासाठी नव्हतं. अकबराची आत्या गुलबदन बेगम हज यात्रेला निघाली, तेव्हा सगळा हिंदुस्थान तिच्या भाच्याच्या खिशात होता. तरी सुरतेला तिचा काफिला सुमारे वर्षभर अडकून पडला, १५७६ साली कुठे जहाज सुटलं. पोर्तुगिजांचा कागद मिळेना. शेवटी दमणजवळचं एक गाव त्यांना देऊन मामला मिटला म्हणतात. एक गाव! आमच्या बाळासाहेबांना स्टँपपेपर महाग वाटत होता.

अकबराच्याच दरबारातल्या बदायुनीने एक गंमत लिहून ठेवली आहे. एका बड्या मौलवीने फतवा काढला, की हजला जाणं आता बंधनकारक उरलेलं नाही. कारण समुद्रमार्गे जावं तर फिरंग्यांचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यावर मेरी आणि येशूची चित्रं असतात. सरकारी कागदाच्या जाचातून धर्माने दिलेली सूट म्हणून हे उदाहरण मला फार आवडलं. मी ते खिडकीवरच्या गृहस्थांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "वारसांची संमतिपत्रं आणलीत?"

बरं, कागद असला म्हणजे झालं, असंही नाही. १६१३ साली जहांगीर बादशहाच्या आईचं 'रहीमी' हे भलंमोठं जहाज पोर्तुगिजांनी सुरतेजवळ धरलं आणि गोव्याला नेलं. जहाजावर रीतसर कार्ताझ होता. कागद होता, सही होती, शिक्का होता. तरी धरलं. बादशहाने दमणची कोंडी केली, पाद्र्यांना कैद केलं, दोन वर्षं बखेडा चालला. आपल्याला खिडकीवर "हे चालणार नाही" असं ऐकून घ्यावं लागतं, तेव्हा आपण फार तर पाणी पिऊन घरी येतो.

पुढे पास देणारे बदलले. आमच्या शाखेपासून एस.टी.ने थोड्याच अंतरावर अलिबागचा कुलाबा किल्ला आहे. तिथून सरखेल कान्होजी आंग्रे यांनी सांगितलं, की या किनाऱ्यावरून जायचं असेल तर आमचं दस्तक घ्या. त्यात वावगं काय होतं? पोर्तुगीज दूरदेशीहून येऊन कागद देत होते, हे तर घरचे धनी. पण मुंबईच्या इंग्रजांना ते मानवेना. त्यांचं म्हणणं, आमच्या जहाजाला आमचाच पास पुरे; आणि आमच्या निशाणाखाली इथल्या व्यापाऱ्याचा माल असला, तरी तोही आमचाच. कान्होजींना ते पटेना. मला विचाराल तर कान्होजींचंच बरोबर होतं. दुसऱ्याच्या खात्यावर आपला माल फिरवणारी गिऱ्हाइकं मी रोज बघतो.

आणि इथे आमच्या विषयाशी फारच जवळचा प्रसंग येतो. नोव्हेंबर १७१२ मध्ये कान्होजींच्या आरमाराने मुंबईचा गव्हर्नर विल्यम एस्लाबी याची 'याट' धरली. तिचं नाव 'अल्जेरीन'. तोफा होत्या तिच्यावर, पण जातीने याटच. कंपनीच्या कारवारच्या वखारीचा मुख्य टॉमस चाऊन तिच्यावर होता, तो चकमकीत मारला गेला आणि त्याची तरुण बायको कैद झाली. फेब्रुवारी १७१३ मध्ये तिची सुटका झाली. इंग्रजांनी मोजले तीस हजार रुपये. त्या काळचे तीस हजार! मी ही हकीकत फोनवरून बाळासाहेबांना ऐकवली, खर्चाचा अंदाज यावा म्हणून. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आपल्या होडीचा विमा झाला ना?"

'याट' हा शब्द डच. त्याचा मूळ अर्थ शिकार किंवा पाठलाग. चपळ जहाज म्हणून ते नाव. १६६० साली ॲमस्टरडॅमकरांनी इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला 'मेरी' नावाची याट भेट दिली आणि त्याला नादच लागला. एकामागून एक याटी. हाच तो चार्ल्स, ज्याला लग्नात मुंबई बेट मिळालं. ते त्याने १६६८ साली कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकलं. होडीची हौस असलेला माणूस बाकीच्या मालमत्तेकडे कसा बघतो, हे यावरून कळावं. बाळासाहेबांचा ठाण्याचा फ्लॅट माझ्या मेहुणीच्या नावावर आहे, हे फार बरं आहे.

१७५६ साली पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला आणि आंग्र्यांचं आरमार जळालं. आपल्याच लोकांनी आपल्याच दस्तकाची खिडकी बंद केली. यावर विनोद करता येत नाही, म्हणून पुढे जातो.

पुढे इंग्रजांचा कायदा. १७८६ साली त्यांच्या संसदेने ठरवलं, की पंधरा टन आणि त्यावरच्या डेकवाल्या प्रत्येक जहाजाची नोंदणी झाली पाहिजे. हा पंधराचा आकडा इतका चिवट निघाला, की आपल्या १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यातही किनाऱ्यापुरत्या फिरणाऱ्या, पंधरा टनांच्या आतल्या जहाजाला त्या नोंदणीतून सूट होती. साम्राज्य गेलं, राणीचे रुपये गेले, पंधरा टन राहिले.

टन म्हणजे वजन, असं मी शाळेत शिकलो. ते इथे चालत नाही. पूर्वी जहाजात दारूची पिंपं किती मावतात यावरून त्याची मोठाई ठरवीत. त्या पिंपाचं नाव 'टन'. जकात, बंदराचा आकार, सारं त्यावर. म्हणजे आजतागायत जगातली जहाजं दारूच्या मापाने मोजली जातात आणि हे काम सरकारी अधिकारी गंभीरपणे करतात. जहाजात शिरून पिंपं मोजणं त्रासाचं, म्हणून १७७३ साली इंग्रजांनी सूत्र पक्कं केलं. लांबीतून रुंदीचा तीन पंचमांश वजा करायचा, राहील त्याला रुंदीने गुणायचं, पुन्हा निम्म्या रुंदीने गुणायचं आणि ९४ ने भागायचं. दुपारी गर्दी नव्हती, तेव्हा बँकेच्या कॅलक्युलेटरवर मी आमच्या होडीचं गणित केलं. सहा टन आणि वर चिल्लर. मॅनेजरसाहेबांना वाटलं, मी व्याज काढतोय.

चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेल, की या सूत्रात खोली कुठेच नाही. रुंदीच्या निम्मी धरून मोकळे. व्यापाऱ्यांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी जहाजं अरुंद आणि खोल बांधायला सुरुवात केली. कागदावर टन कमी, पोटात माल जास्त. फक्त समुद्र कागद वाचत नाही. अशी जहाजं वाऱ्यात नीट चालत नसत आणि कलंडत. फी वाचवण्यासाठी माणसं बुडाली. १८५४ साली नवी पद्धत आली, आतली पोकळीच मोजायची आणि शंभर घनफुटांना एक टन म्हणायचं, तेव्हा हा प्रकार थांबला.

आपल्याकडे १८३८ सालचा किनारी जहाजांचा कायदा होता. मुंबई इलाख्यातल्या किनारी गलबतांवर, मासेमारीच्या होड्यांवरसुद्धा, नंबर आणि गावाचं नाव हवं. नुसत्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या होडीला इथे नंबर मिळाला. हा कायदा शेवटी सौराष्ट्र-कच्छपुरता उरला होता. तो रद्द करावा, असं २०१६ सालच्या विधेयकात सुचवलेलं होतं. पावणेदोनशेहून जास्त वर्षं! आमच्या बँकेत दहा वर्षांपूर्वीचं व्हाउचर सापडत नाही.

मालकीची मात्र इंग्रजांनी फार बारकाईने सोय केली. जहाजाच्या मालकीचे चौसष्ट हिस्से. आणे-पैशांची सवय असलेल्या माणसाला यात गोडी वाटते, कारण एका रुपयाचे पैसे चौसष्टच. आपल्या १९५८ च्या कायद्याने ते दहा केले. हिस्सा विकायचा तर खरेदीखत, गहाण टाकायचा तर त्याची नोंद रजिस्ट्रारच्या वहीत. आणि एक कलम वाचून तर मी उठून उभा राहिलो. नोंदणीचं प्रमाणपत्र फक्त जहाज चालवण्यासाठी वापरायचं. कर्जापोटी ते कुणी अडकवून ठेवायचं नाही. जगात एक तरी कागद असा आहे, की जो बँकेला आपल्या तिजोरीत कोंडता येत नाही.

आता ती ओळख.

या होडीखरेदीच्या आधी वर्षभर तोच नाखवा आमच्या शाखेत आला होता. नवं इंजिन घ्यायला कर्ज हवं होतं. मॅनेजरांनी विचारलं, तारण काय? तो म्हणाला, "होरी हाय." होडी तुमची कशावरून? तो आधी हसला. त्याला वाटलं, साहेब थट्टा करतायत. "माज्या आजानं बांधली. सगल्या कोलीवाऱ्याला ठावं हाय."

सगळा कोळीवाडा ही आमच्या फॉर्मवर बसणारी गोष्ट नव्हती. परवाना आज्याच्या नावावर. वारस म्हणजे तो, मुंबईच्या गोदीत कामाला गेलेला भाऊ आणि उरणला दिलेली बहीण. मॅनेजरांनी मान हलवली आणि नकाराचं पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी ते नीट लिहिलं. आमच्याकडे नकाराचा छापील मजकूर असतो. पण मला वाईट वाटत होतं आणि वाईट वाटलं की मी सविस्तर लिहितो. 'आपण आपल्या आजोबांपासून आपल्या कब्जात व वहिवाटीत असलेली, अठ्ठावीस फूट लांबीची, सागवानी होडी तारण देऊ केलीत. तथापि तिची मालकी आपल्या नावे नसल्याने...' वगैरे. खाली शिक्का, जावक क्रमांक, तारीख.

इंजिन आलं नाही. जुन्या इंजिनावर त्याने एक पावसाळा काढला आणि मग होडीच विकायला काढली. ती बाळासाहेबांनी पाहिली. म्हणजे आमच्या साडूंची हौस माझ्या पत्राच्या पोटातून जन्मली होती, आणि ती निस्तरायला मीच हिंडत होतो.

भावाचं संमतिपत्र आलं. बहिणीचं आलं, ती अंगठा उठवताना रडली, असं नाखवा म्हणाला. तरी खिडकीवरच्या गृहस्थांचं समाधान होईना. आज्याचं नाव आहे, वारस आहेत. पण परवान्यातली होडी ती हीच आणि ती याच्याच ताब्यात होती, याला लेखी आधार काय? आम्ही दोघं गप्प उभे राहिलो. मग नाखव्याने पेटीतून आणलेल्या पिशवीत हात घातला आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढून काचेखालून सरकवला.

माझं पत्र होतं.

गृहस्थांनी ते दोनदा वाचलं. लांबी बरोबर. सागवान बरोबर. आजोबांपासूनचा कब्जा, वहिवाट, सगळं एका राष्ट्रीयीकृत शिक्क्याखाली. "हे आधी का नाही दाखवलंत?" ते म्हणाले. नाखवा माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्यात नाय लिवलंय, असं सायेब बोल्लं व्हतं."

कागद झाले. बाळासाहेबांनी एकूण खर्चाची वही माझ्याकडे बेरजेला दिली. सरकारी चलनं एका ओळीत मावली. बाकी अडीच पानं झेरॉक्स, स्टँप, नोटरी, एस.टी., रिक्षा, उरणचा फेरा, फोटो, पुन्हा फोटो, चहा. २०२५ साली संसदेने जहाजांचा नवा कायदा केला, त्यात लहान-मोठं, इंजिनाचं, बिनइंजिनाचं, सगळ्याच जहाजांची नोंदणी आहे, असं वाचलं तेव्हा मला आधी ती वहीच आठवली.

नावावरून थोडी बोलाचाली झाली. बाळासाहेबांना मेहुणीचं नाव घालायचं होतं. नाखवा रंगाचा डबा घेऊन आला आणि काहीच बोलला नाही, नुसता जुन्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिला. मेहुणीच म्हणाली, "राहू दे हो, आहे तेच नाव चांगलंय." नाळेच्या दोन्ही अंगांना 'पार्वती' अशी जुनीच अक्षरं पुन्हा गिरवली. त्याच्या आजीचं नाव.

बाळासाहेबांना होडी चालवता येत नाही. त्यामुळे दर रविवारी सुकाणूवर नाखवाच असतो, रोजावर. चक्कर मारून आल्यावर ही सगळ्यांना पापलेट वाढते. तो आमच्या ओटीवर बसून जेवतो आणि मला हटकून विचारतो, "सायेब, आता देल का ओ इंजिनाला कर्ज? कागद तर झालं."